शिल्पाला पाठही असते: शाळेच्या शिल्पसहलीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरकडच्या एका शाळेत दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या कलाशिक्षिका विचारतात: "आठवी-नववीची ४५ मुलं घेऊन उघड्यावरच्या शिल्पबागेत एका दिवसाची सहल न्यायची आहे. मागच्या वर्षी नेली तर अर्ध्या तासात 'बघून झालं बाई' म्हणाली, आणि उरलेला वेळ फोटो काढण्यात आणि डबे खाण्यात गेला. या वेळी वर्कशीट द्यावी का? अमूर्त शिल्पासमोर मुलं 'हे काय आहे?' विचारतात, त्यांना काय सांगू? आणि मुख्याध्यापक म्हणतात सहलीचे गुण द्या, ते कसे द्यायचे?"

मी गेली २४ वर्षं पुण्यात शाळेत चित्रकला शिकवते आणि जवळजवळ दर वर्षी मुलांना शिल्पं बघायला नेते. तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण त्याआधी जरा मागे जावं लागेल, कारण वर्कशीट द्यायची की नाही यावर ही सहल ठरत नाही.

आपल्या मुलांचा हात आणि डोळा सपाट गोष्टींना सरावलेला असतो. पुस्तकातलं चित्र सपाट, मोबाईल सपाट, चौकातला फ्लेक्स सपाट. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या तयारीत आपण त्यांना वस्तुचित्र शिकवतो तेसुद्धा एका जागी बसवून, समोर तांब्या आणि दोन फळं मांडून. जागा सोडायची नाही, मान हलवायची नाही, हेच आपण सांगत आलोय, आणि त्या परीक्षेसाठी ते बरोबरही आहे. अशी मुलं शिल्पासमोर गेली की काय करतात? समोर उभी राहतात, बघतात, फोटो काढतात, पुढे जातात. चित्र जसं बघतात तसंच. एका शिल्पाला एक मिनिट लागलं, बागेत तीस शिल्पं असली, म्हणजे अर्धा तास झाला. "बघून झालं बाई" हे त्यांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीने खरं असतं. त्यांना शिल्पाभोवती फिरायचं असतं हे कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून माझ्या मते तुमचं खरं काम मुलांना जागेवरून हलवण्याचं आहे.

हे काम सहलीच्या दिवशी बागेत सुरू केलं तर उशीर होतो. मी ते आठ दिवस आधी वर्गात सुरू करते, आणि ते अगदी सोपं आहे. मुलांना सांगते, तुमच्या घरच्या गणपतीचं चित्र काढा. पाच मिनिटांत सोंड, मोदक, मुकुट, सगळं येतं, कारण हात बसलेला असतो. मग कागद उलटा करायला सांगते आणि म्हणते, आता त्याच गणपतीची पाठ काढा. वर्ग एकदम शांत होतो. दहा दिवस रोज आरती केलेली असते, पण पाठ कोणाला आठवत नाही. एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या हातून एरवी चित्र फारसं येत नाही, तो भराभर काढत होता. मुकुटाची मागची बाजू सपाट, खांद्यावरून उतरलेल्या उपरण्याची दोन टोकं, खाली पाटाची कड, आणि पाठीवर रंग न लागलेला मातीचा एक पांढुरका पट्टा. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, "बाई, विसर्जनाला मी गाडीच्या मागून चालत होतो." त्या दिवशी वर्गाला जे कळलं ते मी तासभर बोलून कळलं नसतं.

त्यानंतरच्या तासाला हात वापरायचे. शिल्प दोन रीतींनी होतं: काढून टाकत, नाहीतर जोडत. काढून टाकण्यासाठी अंगाच्या साबणाची वडी आणि बोथट धातूची पट्टी पुरते. जोडण्यासाठी मूठभर शाडू. दोन्ही एकाच तासात, निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे, मग अदलाबदल. साबणात नाक कोरताना जास्त निघालं तर परत चिकटत नाही, शाडूत मात्र चूक झाली तर गोळा लावता येतो. एवढा फरक बोटांना कळला की दगडाचं आणि ब्राँझचं शिल्प यांतला फरक सांगायला फार शब्द लागत नाहीत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही कोणती बाग ते लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथली शिल्पं दगडाची, धातूची की सिमेंटची, आणि हात लावायची परवानगी आहे की नाही, हे मला माहीत नाही. बागेतल्या शिल्पांची संख्या मी मनावर घेत नाही. ४५ मुलांसाठी तीन शिल्पं पुरतात. खरंच तीन. पंधरा-पंधराचे तीन गट, प्रत्येक शिल्पापाशी एक मोठं माणूस, चाळीस मिनिटांनी गट पुढे सरकतो. बाकीची बाग शेवटी पाऊण तास मोकळी फिरू द्या. तीन शिल्पं जिरली असली की तो पाऊण तास मुलं स्वतःहून वापरतात, हे मी दर वर्षी बघते.

ती तीन शिल्पं निवडण्यासाठी आदल्या आठवड्यात एकदा जाऊन या, आणि सहल ज्या वेळी असेल त्याच वेळी जा. यात उन्हाची बाब आहे आणि ती फार कमी जण लक्षात घेतात. शिल्प दिसतं ते सावलीमुळे. ऊन तिरकं असेल तर गालाचा उंचवटा, वस्त्राची घडी, छिन्नीचा घाव, सगळं उठून दिसतं. ऊन डोक्यावर आलं की तेच शिल्प चपटं होतं आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळा डाग उरतो. मे महिन्याच्या मध्यात तर पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबर-जानेवारीत उलट असतं: सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, दुपारीही जेमतेम ४८ अंशांवर. म्हणून सहल थंडीत, आणि तीन शिल्पांचं काम सकाळी साडेआठ ते अकरा. पण थंडीत एक अडचण आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या शिल्पाच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत ऊन पडतच नाही. मोबाईलमध्ये होकायंत्र असतं, ते बघा आणि सकाळसाठी पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड असलेलं शिल्प निवडा.

काळा दगड आणि जुनं ब्राँझ उजळ आभाळासमोर बघितलं तर डोळ्यांना आतलं काहीच दिसत नाही, फक्त कडा दिसते. मुलं म्हणतात, "सगळं काळंच आहे, काय काढू?" अशा शिल्पाची आधी कडाच काढायला सांगा, आणि आतल्या घड्या बघायला झाडाच्या किंवा भिंतीच्या बाजूने न्या.

बागेत पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं बिनकागदाची. पॅड पिशवीत, हात पाठीमागे, शिल्पाभोवती एक फेरी उजवीकडून आणि एक डावीकडून. बोलायला बंदी नाही, पण थांबायला बंदी आहे. ही फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि दर वर्षी कोणीतरी मोठं माणूस "मुलांचा वेळ जातोय" म्हणून ती मोडायला निघतं. मोडू देऊ नका.

मग कागद. साधा ड्रॉइंग पेपर, दोनदा घडी घालून चार चौकोन केलेला, मुलांच्या नेहमीच्या परीक्षेच्या पॅडला लावलेला. वाऱ्यासाठी खाली दुसरी चिमटी. पेन्सिल ४बी किंवा ६बी. खोडरबर बसमध्येच गोळा करते. एका चौकोनाला तीन मिनिटं, आणि प्रत्येक चौकोन वेगळ्या बाजूने: समोरून, एका कुशीने, पाठीमागून, दुसऱ्या कुशीने. तीन मिनिटांत डोळे-नाक काढायला वेळच मिळत नाही, त्यामुळे मुलं मुख्य घडण पकडतात. पहिला चौकोन नेहमी वाईट येतो, तिसरा चांगला येतो. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलं पहिल्यावरच खचत नाहीत.

यानंतर मी दोन छोटे खेळ घेते. एक अंगाने करायचा: शिल्पातली व्यक्ती उभी असेल तशी जोडीतल्या एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने सांगत राहायचं, कोपर वर, वजन डाव्या पायावर, मान अजून वळव. अर्ध्या मिनिटात पाय थरथरायला लागतो आणि मुलाला कळतं की शिल्पात वजन कुठून कुठे जातंय. दुसरा सावलीचा. जमिनीवर शिल्पाची सावली पडते तिच्या टोकाला एक खडा ठेवायचा आणि वीस मिनिटांनी परत येऊन बघायचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो हे भूगोलात शिकलेलं असतं, पण माणसाएवढ्या सावलीचं टोक खड्यापासून वीतभर पुढे गेलेलं बघितलं की मुली धावत येऊन हात धरून दाखवायला नेतात. आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की आपण मघाशी काढलेलं चित्र आणि आताचं शिल्प सारखं राहिलेलं नाही. हे त्यांनाच सापडू द्या.

आता वर्कशीट. माझ्या पहिल्या काही सहलींना मी वीस प्रश्नांची छापील पत्रिका दिली होती. शिल्पाचं नाव, शिल्पकार, माध्यम, साल, उंची. मुलं एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर धावत होती, एकमेकांच्या पाठीवर कागद टेकवून उतरवून घेत होती, आणि सगळ्या पत्रिका पूर्ण भरून आल्या. शाळेत सगळे खूश होते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं की तिसऱ्या शिल्पाचे हात कसे होते, तर एकालाही सांगता आलं नाही. तेव्हापासून छापील पत्रिका बंद. आता मी फक्त तीन प्रश्न तोंडी देते, आणि उत्तर चार चौकोनांच्या पाठीमागे दोन ओळींत लिहायचं. हे शिल्प कुठून बघितलं की एकदम वेगळं दिसतं? याचं वजन कुठे येतं? हे करताना काय काढून टाकलं, नाहीतर काय जोडलं? पाटी वाचायची ती सगळ्यात शेवटी. पाटी आधी वाचली की डोळे पाटीलाच शोधत राहतात.

अमूर्त शिल्पाचा तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण बहुतेक शिक्षक तो टाळतात. मूल विचारतं, "बाई, हे काय आहे?" आपल्याला माहीत नसतं आणि आपण काहीतरी ठोकून देतो: ही मानवी भावनांची गुंफण आहे वगैरे. मूल मान हलवतं आणि दूर जातं. मी असं करते. "तुला काय वाटतं?" असं नुसतं विचारून सोडत नाही, कारण मग ते म्हणतं "हत्तीसारखं" आणि विषय संपतो. हत्ती दिसला तर हत्तीच धरायचा. सोंड कुठे दिसली? दाखव. आता तिथून चार पावलं उजवीकडे ये. सोंड राहिली का? नाही? मग काय झालं तिचं? तो हळूहळू लोखंडाच्या त्या वळणापर्यंत पोचतो, आणि ते वळण एका बाजूने सोंड वाटतं तर दुसऱ्या बाजूने नुसती झुकलेली पट्टी, हे त्याने स्वतः बघितलेलं असतं. शिल्पात भोक असेल तर त्यातून पलीकडे काय दिसतं ते काढायला सांगा. भोकातलं झाडही त्या शिल्पाचाच भाग आहे हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटतं. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने अशी भोकं असलेली कितीतरी शिल्पं केली आणि ती मोकळ्या माळावर, आभाळाखाली असावीत असं त्याला वाटायचं. नववीच्या मुलांना एवढी माहिती पुरते.

"याला किती पैसे लागले असतील?" हाही प्रश्न येतो, आणि त्याला उडवून लावू नका. तेव्हा मी शांतिनिकेतनमधल्या रामकिंकर बैज यांचं सांगते. १९३८ साली त्यांनी संथाळ कुटुंबाचं मोठं शिल्प उघड्यावर उभं केलं ते सिमेंट आणि तिथल्या लाल मातीतले खडे मिसळून. आपल्याकडे मुरूम असतो साधारण तसे खडे. संगमरवर नाही, ब्राँझ नाही. बाप कावड घेतोय, एका टोपलीत मूल, बरोबर आई आणि कुत्रं, सगळे चालत निघालेत. आठवीच्या मुलाला हे ऐकून वाटतं की मग आपणही करू शकतो. आणि तो बरोबर असतो.

काही कारणाने बाग जमली नाही, बसचे पैसे जमले नाहीत, तर पुण्यातच अर्ध्या दिवसात उघड्यावरची उत्तम शिल्पसहल होते. मी स्वतः आता दोन वर्षांतून एकदा गावातच नेते. पहिलं ठिकाण जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं. मुलं रोज त्या रस्त्याने जातात आणि आत गेलेली नसतात. अंगणात मधोमध जो गोल नंदीमंडप आहे, छत्रीसारख्या छताचा, त्याच्याभोवती मुलांना फिरवा आणि विचारा: हे खांब कुठून आणले? कोणीतरी म्हणेल, बांधले. मग जमिनीशी बसून खांबाचा पाया दाखवा. सांधा नाही. आजूबाजूचा सगळा खडक फोडून बाहेर काढला आणि जे ठेवलं ते मंडप झालं. साबण कोरलेल्या मुलाला हे एका क्षणात समजतं, कारण त्याचं नाक तुटलेलं असतं. या लेण्याचं काम पूर्ण झालेलं नाही, आणि ते आपल्या कामाचं आहे, कारण अपुऱ्या जागी हत्याराचे घाव दिसतात. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय" ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण टाकी म्हणजे छिन्नी हे अर्ध्या वर्गाला माहीत नसतं. घाव बघितल्यावर म्हण समजावून सांगावी लागत नाही. काळा बेसाल्ट फार कठीण, त्यात संगमरवरासारखं बारीक काम सहज होत नाही, म्हणून इथली घडण जाड आणि ठसठशीत आहे. ही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली वास्तू आहे आणि चालतं देऊळही आहे. शाळेच्या पत्रावर आधी कळवा, आणि सोमवार, त्यातही श्रावणातला, टाळा.

दुसरं ठिकाण सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ. अठराव्या शतकातलं. तिथे भिंतीतून वर आलेली शिल्पं आहेत, म्हणजे उठावशिल्पं, ज्यांना पाठ नसते. पाताळेश्वरातल्या मंडपानंतर हा फरक दाखवायला याहून चांगली जागा नाही. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीने बांधणारे गोरे शिपाई आहेत ते मुलांनाच शोधू द्या. जागा लहान आहे, एका वेळी पंधरापेक्षा जास्त नेऊ नका.

धातूसाठी शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. विनायक पांडुरंग करमरकर यांनी केलेला, १९२८ साली उभा राहिलेला. तो शाळेचा परिसर आहे, तेव्हा रीतसर परवानगी घ्या. इथे मी ब्राँझ कसं ओततात ते सांगते: आधी मातीत घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, मेणाच्या आत-बाहेर उष्णता सोसणारा लेप, मग भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत तांबं-कथलाचा सुमारे हजार अंशांचा रस ओततात. म्हणजे एवढा मोठा घोडा आतून पोकळ! मुलांचे डोळे मोठे होतात. एरवी मोठे पुतळे तुकड्या-तुकड्यांत ओतून जोडतात. हा पुतळा मात्र मुंबईला माझगावात एकसंध ओतला गेला म्हणून त्याचं एवढं नाव.

घोड्याच्या पुतळ्यापाशी, शनिवारवाड्यासमोर बाजीरावांच्या पुतळ्यापाशीही, एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: घोड्याचे दोन पाय वर तर वीर रणात पडला, एक वर तर जखमांनी गेला, चारही खाली तर आजाराने. हे मुलांना नियम म्हणून सांगू नका. जगभरचे कितीतरी पुतळे यात बसत नाहीत. शिल्पकाराला आधी वजनाची काळजी असते. पुढचे दोन पाय उचलले की सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो, आणि मग पुष्कळदा शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार घ्यावा लागतो. "याचं वजन कुठे येतं?" हा आपला प्रश्न इथे खरा उपयोगी पडतो. मुलं घोड्याच्या पायांकडे बघतात, आणि ऐकीव गोष्ट आपोआप मागे पडते.

करमरकर आवडले आणि शाळेने दोन दिवसांची परवानगी दिली तर अलिबागजवळ सासवन्याला त्यांचं घर आहे. तिथे आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे आणि अंगणातही शिल्पं आहेत. मोठ्या कारखान्यात ओतलेला राजांचा पुतळा आणि घराच्या अंगणातली साधी माणसं-जनावरं, दोन्ही एकाच हाताची, हे बघायला दोन दिवस सार्थकी लागतात.

हात लावण्याबद्दल. जिथे परवानगी नाही तिथे नाहीच, आणि कारण सांगा. घामातल्या क्षारांनी ब्राँझवरचा जुना थर उतरतो आणि सारख्या हाताळलेल्या जागा पिवळ्या चकचकीत होतात; दगडावर तेलकट डाग बसतात. कारण कळलं की मुलं एकमेकांना आवरतात. पण एक अपवाद मी दर वर्षी आधी जाऊन मागून घेते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला फार कमी दिसायचं. एका बागेच्या व्यवस्थापकांना आधी भेटून मी त्याच्यापुरती परवानगी घेतली. सिमेंटच्या एका बसलेल्या बाईच्या दंडावरून तो हळूहळू हात नेत होता, आणि कोपराच्या आतल्या बाजूला थांबला. "बाई, इथे शिवण आहे." आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. साच्याचे दोन भाग जिथे जुळले होते तिथली केसाएवढी उंच रेघ, घासायची राहून गेलेली. त्या शिल्पासमोर मी आधी चार वेळा उभी राहिले होते. मला ती दिसली नव्हती. त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याभोवती बसला आणि त्याने साचा कसा असेल ते हातांनी करून दाखवलं.

बाकी व्यवस्थेचं तुम्हाला माहीत असणार, दोनच गोष्टी सांगते. स्वच्छतागृह आधी स्वतः आत जाऊन बघा. आठवी-नववीच्या मुलींच्या सहली यावरूनच बिघडतात. आणि मोबाईल पूर्ण बंद ठेवायला लावू नका, शेवटच्या पाऊण तासात द्या, एका अटीवर: प्रत्येकाने एकच फोटो काढायचा, आणि तो अशा जागेवरून जिथे दुसरं कोणी उभं नाही. मुलं जमिनीवर आडवी होतात, कठड्यावर चढायला बघतात (तिथे लक्ष ठेवा), आणि फोटो खरोखर चांगले येतात.

मुख्याध्यापकांनी गुण मागितलेत. मी चित्राला गुण देत नाही. चार चौकोन चार बाजूंनी भरले आणि पाठीमागे तीन उत्तरं स्वतःची लिहिली, की पूर्ण गुण. यात हात चांगला असलेलं मूल आणि नसलेलं मूल यांत फरक पडत नाही. "याचा उपयोग काय?" असं कोणी विचारलंच तर सांगा की स्मरणचित्रात माणूस पाठमोरा किंवा कुशीने काढायची वेळ येते तेव्हा ही मुलं अडत नाहीत. माझ्या मुलांच्या इंटरमिजिएटच्या सरावात मला हे सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतं.

आणि ही चित्रं सूचनाफलकावर लावू नका, तिथे ती पुन्हा सपाट होतात. मी पुठ्ठ्याचे खोके घेते, चार चौकोन कापून खोक्याच्या चार बाजूंना चिकटवते, समोरचं समोर, पाठ मागे. पालकसभेच्या दिवशी वर्गातले बाक कडेला सरकवून हे ४५ खोके मधे मांडायचे, दोन खोक्यांत माणूस जाईल एवढी वाट ठेवून. पालक सवयीने दारातच उभे राहून बघतात. मग त्यांचं मूल त्यांचा हात धरून त्यांना मागच्या बाजूला घेऊन जातं. खोके मात्र किराणा दुकानदाराला दोन आठवडे आधी सांगून ठेवा, एका मापाचे ४५ एकदम मिळत नाहीत.